पाच म्हणजे कमी

६ मार्च
दुकानातून

शहाणे,

पाकीट बघून हसली असशील. ताईला या वयात टपालाचं वेड कुठून लागलं? वेडबिड काही नाही गं. घरात फोनवर बोलायची सोय उरलेली नाही. आमच्या भिंती तुला माहीत आहेत, शेजारी कुणी घोरलं की आमची झोप मोडते. त्यात तुझी भाची, आपलं बटण, तिखट कानाची. म्हणून दुकानात, गिऱ्हाईक नसताना, त्या मोठ्या अक्षरांच्या तक्त्याखाली बसून लिहितेय. उत्तरही इथेच पाठव. मालक माझं पाकीट उघडणार नाहीत, ते स्वतःचीसुद्धा उघडत नाहीत.

बटण घरी आलं. मंगळवारी सोडलं हॉस्पिटलच्या वॉर्डातून. तिथे न्यावं लागलं त्या दिवशी तिने काय केलं ते मी लिहिणार नाही, माझ्या हातून तो शब्द उतरत नाही. निघताना तिथल्या बाईंनी एक कागद दिला. त्यांनी तिला ढीगभर प्रश्न विचारले होते, त्याची बेरीज. तीसपैकी पाच, आणि पाचाभोवती गोल. मी विचारलं, पाच म्हणजे काय हो? तर म्हणाल्या, बाहेरच्या डॉक्टरांना दाखवा. बाहेरच्या डॉक्टरांची तारीख मे संपता संपता. तोवर मी काय पाचाची पूजा करू?

मग म्हटलं, आपल्याच घरात एवढी शिकलेली असताना मी दारोदार का फिरतेय? तुम्ही तेच मोजता ना इतकी वर्षं, एकदा केलेलं माणूस पुन्हा करेल की नाही? तर सांग मला.

मी तिच्या खोलीच्या दारात आडवी गादी टाकून पडते. झोप कसली, डोळ्याला डोळा नाही. ती बाथरूमला जाताना मला ओलांडते आणि विचारते, "टोल किती?" मी हसते. मग तोंडावर चादर घेऊन रडते. काल एका आजोबांच्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली. ते बिचारे पायरी चुकून पडता पडता वाचले. असं माझ्याकडून आजवर झालं नव्हतं.

तुझे भावजी ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर. फोनवर म्हणतात, वय आहे, जाईल निघून. जाईल निघून म्हणे!

मी दिवसभर लोकांना नंबर काढून देते. एक काच घालते, दुसरी घालते, "आता बरं की मघाशी बरं?" विचारते, आणि शेवटी एक आकडा हातावर ठेवते. तो खरा असतो. तूही तसाच दे. व्याख्यान नको, मला आकड्याचा अर्थ हवाय.

तुझी ताई


१३ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र कामावर घेऊन आले. आमची खोली तळघरात आहे, दिवसाही दिवा लावावा लागतो, आणि भिंतभर फायली. एकेक फाईल म्हणजे वॉर्डातून घरी गेलेला एकेक माणूस. त्यांना सोडताना बेरीज किती होती आणि पुढे काय झालं, हे आम्ही जुळवून बघतो. तुझ्या बटणच्या वयाच्या मुली त्यात खूप आहेत. आज एकही फाईल उघडली नाही मी.

तो शब्द मी लिहिते, कारण कुणीतरी लिहायला हवा. तिने आत्महत्येचा प्रयत्न केला, ताई. ती वाईट मुलगी नाही आणि तू वाईट आई नाहीस.

आता तुझा प्रश्न. पाच म्हणजे कमी. दहाच्या आत असेल तर ‘कमी धोका’ असं लिहितात. त्यामुळे तू निवांत झोप. गादी उचल दारातून, तुझी कंबर मोडेल आणि तिलाही कोंडल्यासारखं होईल. बाहेरच्या डॉक्टरांची तारीख अलीकडे आणता येते का ते मी बघते, इथून दोन-तीन ठिकाणी बोलते.

आमच्या अहवालाबद्दल आत्ता काही सांगत बसत नाही, तो अजून पुरा व्हायचाय. तू व्याख्यान नको म्हणालीसच. एवढंसं पत्र लिहायला चार कागद फाडले, यावरून काय समजायचं ते समज.

बटणला माझा पापा.

तुझी धाकटी


२४ मार्च
दुकानातून

शहाणे माझे, गुणाचे गं माझे,

जीव भांड्यात पडला! पत्र वाचलं आणि इथेच, दोन गिऱ्हाइकं समोर असताना, रडले. त्यांना वाटलं डोळे तपासणाऱ्या बाईचेच डोळे आले.

त्याच दिवशी गादी उचलली. बटण म्हणाली, "टोल नाका बंद झाला का?" मी म्हटलं, हो, मावशीचा हुकूम आहे. मग सांगूनच टाकलं तिला सगळं. तुला पत्र लिहिलं, तू काय म्हणालीस, पाच म्हणजे काय. किती दिवस चोरून बोलायचं? ती खूप हसली. म्हणाली, "शाळेतही एवढे कमी कधी पडले नव्हते, आणि आई पेढे वाटायला निघालीय."

आज तिला दुकानात घेऊन आलेय. सगळ्या फ्रेमा घालून बघतेय, आणि त्या त्या फ्रेमच्या माणसाची नक्कल. आत्ता आमच्या मालकांची चाललीय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हिशोब चुकल्यासारखा चेहरा. मालक पडद्यामागून बघतायत आणि हसतायत. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज असा मोकळा ऐकला गं. पत्राखाली तिला जागा सोडतेय, लिहू दे काय ते.

ताई

मावशी, पाच मिळवायला काही अक्कल लागत नाही. घरी सुटायचं असेल तर कुठल्या प्रश्नाला काय म्हणायचं, हे वॉर्डात नवीन आलेल्याला जुने लोक पहिल्या दिवशीच सांगतात. तुला एवढी वर्षं काम करून ठाऊक नाही? गंमत करतेय गं. ये ना कधी इकडे. बटण.


२ एप्रिल

ताई,

बटणच्या ओळी वाचून मी लगेच फोन केला होता, तिने सांगितलं असेल. खूप हसली. "मावशी, तू तर आईपेक्षा घाबरट," म्हणाली. विचारलं, खरंच गंमत होती ना? म्हणाली, "मग काय." माझं समाधान झालं नाही.

मी तुला घाईने लिहिलं होतं. पाच म्हणजे कमी, हे खरं आहे, पण ते त्या दिवसापुरतं, त्या कागदापुरतं. त्या आकड्यावर फार विसंबू नकोस. गादी पुन्हा टाक असं म्हणत नाही. तिला विचार. शांतपणे शेजारी बस आणि सरळ विचार, तुला अजून मरावंसं वाटतं का? याच शब्दांत. आडून आडून नको. ती हो म्हणाली तर घाबरून ओरडू नकोस, ऐकून घे, आणि लगेच मला फोन कर. फोनच कर, पत्र नको. मी तिथल्या तिथे वॉर्डात बोलते.

डॉक्टरांची तारीख अलीकडे यायला तयार नाही. सगळीकडे रांगा आहेत. मी पुन्हा बोलेन.

धाकटी


१५ एप्रिल

शहाणे,

तुझं नक्की काय चाललंय? आधी म्हणतेस निवांत झोप, आता म्हणतेस विसंबू नकोस. मी काय झोपू की जागू? आमच्याकडे कुणी सकाळी एक नंबर देऊन संध्याकाळी फिरवला तर गिऱ्हाईक चष्मा तोंडावर फेकेल.

मला कळतं तुझं. तुम्ही डॉक्टर मंडळी आधी खरं बोलून जाता, आणि मग उद्या काही झालं तर आपल्यावर नको म्हणून सारवासारव करता. माझ्याशी नको करूस तसं. तू आधी जे म्हणालीस तेच मी धरलंय.

आणि तो प्रश्न मी विचारणार नाही. मेले तरी विचारणार नाही. पोर हसतेय, जेवतेय, आणि मी तिच्या शेजारी बसून तिला मरणाची आठवण करून देऊ? जे डोक्यातून गेलंय ते माझ्या तोंडाने परत घालू? मूल नाही ना तुला, म्हणून असं सुचतं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे. लागू दे तुला थोडं.

ताई


२१ एप्रिल

ताई,

लागलं. ठीक आहे.

विचारल्याने मरण डोक्यात शिरत नाही. हे एवढं तरी माझं ऐक. मी हा प्रश्न अनोळखी माणसांना आठवड्यात कितीदा विचारते. बहुतेक जण सुस्कारा टाकतात. कुणीतरी विचारलं एकदाचं, अशा चेहऱ्याने. विचार आधीपासून असतो गं तिथे, फक्त तो एकट्याने वाहायचा असतो.

तुला जमत नसेल तर मी येऊन विचारते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मला बाहेरगावी परिषदेत आमचा अहवाल वाचायचाय. सरांनी वर्षभर त्यासाठी माझ्या मानेवर बसून काम करून घेतलंय, ते टाळता येत नाही. तो वाचून झाला की तिथूनच तुझ्याकडे येते. आणखी एक गोष्ट सांगायचीय, पण ती समोर बसून सांगेन. पत्रात नको.

तोवर तिला एकटी सोडू नकोस. रागाव माझ्यावर, पण एवढं कर.

तुझी धाकटी


९ मे
दुकानातून

शहाणे,

राग गेला बरं का. रागावायला कारणच उरलेलं नाही. तू आलीस की बघशील, ही तीच मुलगी का म्हणून.

गेले काही दिवस बटण अशी शांत झालीय की मला माझीच दृष्ट लागेल. उलट उत्तर नाही, दार आपटणं नाही. परवा माझ्या केसांना तेल लावून दिलं, आपणहून! खोली आवरली. लोकांच्या किती वस्तू तिच्याकडे पडून होत्या, मैत्रिणीची पुस्तकं, शेजारच्या मुलीची छत्री, सगळं ज्याचं त्याला पोचवून आली. म्हणाली, कुणाचं काही आपल्याकडे राहायला नको. मी म्हटलं, चला, आली एकदाची अक्कल ठिकाणावर.

आणि ऐक. शनिवारी तुझे भावजी मला ट्रकमध्ये बसवून नेणार आहेत, रविवारी संध्याकाळी परत. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मी नको नको म्हणत होते, तू एकटी सोडू नको म्हणाली होतीस म्हणून. तर बटणच मागे लागली. "जा गं आई. मला पाचच तर आहेत."

केबिनमध्ये बसायला उंच पायरी आहे म्हणे. माझे गुडघे काय म्हणतात बघू. तुझ्या भाषणाला शुभेच्छा. टाळ्या मोजून ठेव.

ताई


१२ जून

ताई,

तुझ्या घरून परत येऊन तीन आठवडे झाले. तिथे होते तेवढे दिवस तू माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. माझ्यासमोर चहाचा कप ठेवायचीस आणि मान फिरवायचीस. भावजी फक्त एवढंच म्हणाले, "जा तू आता, तिला एकटीला राहू दे." मी आले. यायला नको होतं की काय, अजून कळत नाही.

बटण नाही. हे वाक्य मी रोज सकाळी उठल्यावर म्हणून बघते. अजून सवय होत नाही.

तुझं नऊ मेचं पत्र मला माझ्या दारातल्या पेटीत मिळालं. तुझ्या घरून इथे आल्यावर. मी परिषदेला गेले होते तेव्हा ते येऊन पडलं होतं. तिची शांतता, परत केलेल्या वस्तू. ताई, ते वाचलं असतं तर त्या क्षणी मी फोन उचलला असता. हे मी कुणाला सांगू?

जे समोर बसून सांगायचं होतं ते आता लिहिते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला ठाऊक होतं की त्या पाचाला काही अर्थ नाही. आमचा सगळा अहवाल त्याबद्दलच होता. आम्ही फायली जुळवल्या आणि दिसलं की पुढे ज्यांनी जीव दिला त्यांतले निम्म्याहून जास्त ‘कमी धोका’ लिहिलेल्या रकान्यातले होते. आणि ‘जास्त धोका’ लिहिलेले बहुतेक सगळे जिवंत आहेत, कामावर जातात, भांडतात. ती बेरीज कुणाबद्दलच काही सांगत नाही. त्या शनिवारी मी मंचावर उभी राहून हेच सांगितलं, की या आकड्याच्या भरवशावर कुणालाही घरी सोडू नका, कुणालाही निर्धास्त करू नका.

आणि तुला मी लिहिलं होतं, निवांत झोप. तू झोपली नव्हतीस गं. तुझ्या पत्रातली अक्षरं एकमेकांवर चढली होती. मला वाटलं, एक गोळी द्यावी तसा आकडा द्यावा, ताईला जरा डोळा लागू दे. कुणालाच काही सांगता येत नाही, मलाही नाही, हे तुला लिहायचा धीर मला झाला नाही.

तू गादी उचललीस म्हणून ती गेली नाही. तू ट्रकमध्ये बसलीस म्हणून नाही. असं एका गोष्टीने होत नाही, हेही मला फायलींमधूनच माहीत आहे. पण आता माझ्या माहितीवर तू का विश्वास ठेवावास?

माफ कर असं लिहीत नाही. शिव्या घाल. पण काहीतरी लिही.

धाकटी


३ जुलै
दुकानातून

पत्र मिळालं.

म्हणजे तुला माहीत होतं.

मी मंगळवारी वाचलं आणि चार दिवस पदराला गाठ मारल्यासारखं बरोबर घेऊन फिरले. राग यायला हवा होता, पण येत नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, त्याला निदान अंगात काहीतरी लागतं.

तुमच्या अहवालात तो रकाना आहे ना, कमी धोक्याचा. त्यात एक वाढव. नाव घालू नकोस, तुम्ही घालत नाहीच. वय एकोणीस. तीसपैकी पाच. लोकांच्या नकला फार छान करायची, हे कुठल्या रकान्यात लिहितात ते तूच बघ.

टाळ्या मोजून ठेव म्हणाले होते तुला. मोजल्यास का?

मी कामावर येते. घरी बसून काय करू, तिथे सगळीकडे तीच आहे. तक्त्यासमोर माणूस बसतं, मी काच बदलते, विचारते, आता बरं की मघाशी बरं? आणि दर वेळी माझ्याच मनात उत्तर येतं, मघाशीच बरं होतं. मग पुढचं काही ऐकू येत नाही.

पण आता मन शांत झालंय. लोकांचे कितीतरी चष्मे माझ्याकडे दुरुस्तीला पडून होते, या आठवड्यात सगळे पुरे करून ज्याचे त्याला दिले. मालकांना किल्ल्याही देऊन टाकल्या. कुणाचं काही आपल्याकडे राहायला नको. तुझ्यावरही माझं काही नाही आता. तू जेवत जा वेळेवर.

ताई


६ जुलै

ताई,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि उभ्या उभ्या लिहितेय. पोस्टाने पाठवत नाही, आमच्या ऑफिसातला ड्रायव्हर तिकडे निघालाय, त्याच्या हाती देतेय. मी स्वतः उद्या सकाळच्या गाडीने निघते. तू ये म्हण किंवा नको म्हण.

तुला चार वेळा फोन केला, तू उचलत नाहीस. भावजींना केला. ते घरीच आहेत. त्यांना सांगितलंय, मी येईपर्यंत ट्रकला हात लावायचा नाही आणि तुझ्या नजरेआड व्हायचं नाही. तुझ्या पाठीमागे काही ठरवत नाहीये, म्हणून हे तुला लिहितेय. तुझ्या गावच्या वॉर्डात मी बोललेय, उद्या दुपारी आपण दोघी तिथे जाऊ. कागद भरायला नाही. बोलायला.

‘कुणाचं काही आपल्याकडे राहायला नको.’ ही ओळ मी आधी वाचलीय, तुझ्याच अक्षरात. तेव्हा ती बटणची होती आणि मी उशिरा वाचली.

हा प्रश्न मी शेकडो लोकांना विचारला. तुला नाही. आपल्याच माणसाला विचारणं किती जड जातं ते आज कळतंय, आणि एप्रिलमध्ये तुला किती सहज सांगितलं होतं मी, विचार म्हणून. माझी लाज वाटते मला.

तरी विचारते, सरळ शब्दांत. ताई, तुला मरावंसं वाटतं का?

हो असेल तर हो लिही. मी ओरडणार नाही. काहीही समजावणार नाही. मला माझी बहीण हवीय, बाकी काही नको.

तुझी धाकटी


७ जुलै
घरून

शहाणे,

तुझे भावजी तुला आणायला स्टेशनवर येतायत, हे त्यांच्याच हाती देतेय. शेजारीण माझ्याजवळ बसलीय, काल रात्रीपासून. भावजींनी सांगितलंय तिला. भिंती पातळ आहेत, तिला नाहीतरी सगळं ठाऊक होतं.

हो.

रोज वाटतं. कुणी विचारलं नव्हतं.

तू आल्याने बटण परत येणार नाही आणि मला बरंही वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुझ्याशी बोलेन की नाही तेही माहीत नाही. पण ये.

येताना कुठला आकडा घेऊन येऊ नकोस. माझ्या खोलीच्या दारात गादी टाकून ठेवलीय, तू तिथे झोप. टोल मागू नकोस.

ताई